चैत्राआधीचे सहा आठवडे : हैदराबादच्या परसातून गच्चीकडे

हैदराबादला वसंत येतो, पण मुक्काम करत नाही. माघ सरता सरता कडुनिंब पानं झाडतो, करंजाखाली दोन-दोनदा केर काढावा लागतो, आंब्याच्या मोहराचा वास गल्लीत भरतो आणि पुढच्या पाच-सहा आठवड्यांत पारा चाळिशीच्या वाटेला लागतो. २ जून १९६६ रोजी या शहराने ४५.५ अंश तापमान पाहिलं आहे. बागकामाची इंग्रजी पुस्तकं वसंताला लागवडीचा हंगाम मानतात, कारण त्या मुलुखात तेव्हा बर्फ वितळून माती मोकळी होते. दख्खनच्या पठारावर लागवडीचा मुहूर्त मृगाचा. आपल्याकडच्या वसंतात झाडांची उन्हाळ्यासाठी तयारी करून घ्यायची असते. हा फरक ध्यानात न घेता फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपवाटिकेतून हौसेने आणलेली रोपं वैशाखात करपतात आणि दोष मात्र ‘हात चांगला नाही’ म्हणून घरच्या माणसाला लागतो. दोष असतो तो वेळेच्या निवडीचा.

हे शहरच बागेच्या कल्पनेतून उभं राहिलं आहे. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने ते वसवलं. आखणीत त्याचा पेशवा मीर मोमीन अस्त्राबादी याचा मोठा वाटा होता. हा इराणातून आलेला विद्वान. त्याच्या देशातली बाग कोरड्या हवेत जन्मलेली, म्हणून तिथे आधी पाणी, मग सावली, आणि फुलं त्यानंतर. हुसेनसागर त्याआधीच, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात बांधून झाला होता. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए या शहराला ‘बागनगर’ म्हणतो. राजवाड्याच्या गच्च्यांवरच्या बागांचं वर्णन करताना एवढ्या मोठ्या झाडांचा भार खालच्या कमानी पेलतात तरी कशा, याचं त्याला नवल वाटतं. म्हणजे गच्चीवरची बाग ही हैदराबादेत काल-परवाची टूम नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीही पाहुण्याची नजर तिच्यावर खिळत होती.

बशीरबाग, जामबाग, रामबाग, सीतारामबाग, किशनबाग, मूसारामबाग, बाग लिंगमपल्ली, बाग अंबरपेट. बसच्या पाट्यांवर ही नावं रोज दिसतात, बागा मात्र बहुतेक ठिकाणी नावापुरत्या उरल्या आहेत. निजामी अमदानीतल्या देवड्यांमध्ये, म्हणजे अमीर-उमरावांच्या वाड्यांमध्ये, चौक, हौद आणि त्याभोवती झाडं असत. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा, नारायणगुडा इथल्या मराठी घरांना तेवढा थाट परवडणारा नव्हता, पण परसू होतं. विहिरीजवळ अळू, मोरीच्या पाण्यावर केळ, कुंपणाला शेवगा, दाराशी तुळशीवृंदावन, कोपऱ्यात कढीपत्ता आणि जास्वंद. मराठवाड्यातून आलेल्या बायकांनी ही मांडणी गावाकडून आणली आणि शेजारच्या तेलुगू घरांकडून तिच्यात भर घातली. अंबाडी दोन्ही घरांत होतीच. अबोलीच्या दाट वेण्यांची हौस इथल्या बाजाराने लावली. पुढे एकेका घराच्या जागी पाच मजले उभे राहिले, परसातली माती वाहनतळाच्या फरशीखाली गेली आणि माणसांनी कुंड्या घेऊन गच्ची गाठली.

तेलुगूत गच्चीवरच्या बागेला ‘मिद्दे तोट’ म्हणतात. हा शब्द घराघरांत पोचवण्याचं बरंचसं श्रेय कथाकार तुम्मेटि रघोत्तम रेड्डी यांना जातं. शहराच्या पूर्वेला नारपल्लीत स्वतःच्या गच्चीवर त्यांनी भाज्या आणि फळझाडं वाढवली आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. राज्याच्या फलोत्पादन खात्यानेही गच्चीवरच्या भाजीपाल्यासाठी सवलतीच्या दरात साहित्य दिलं. लोकांनी हे मनावर घेतलं यामागे निव्वळ हौस नव्हती. मुसी नदीकाठची पालेभाजी शहराच्या सांडपाण्यावर पिकते, आणि आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने या शेतीचा अभ्यास केला आहे. ज्या घरांना हे ठाऊक झालं त्यांना निदान पालक, माठ, कोथिंबीर आपल्या डोळ्यांदेखत वाढावी असं वाटलं, तर ते रास्तच आहे.

गच्चीवर पहिला विचार वजनाचा हवा. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो असतो. चौरस मीटरभर जागेत फूटभर उंचीचा वाफा मातीने भरला आणि त्याला पाणी दिलं, तर वजन पाचशे किलोंच्या पुढे जातं. म्हणजे स्लॅब ज्या भारासाठी आखला त्याच्या तिपटीहून अधिक! सलग वाफे करायचे तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय करूच नयेत. मोठ्या कुंड्या तुळयांवर आणि भिंतींच्या माथ्यावर, लहान कुंड्या कठड्यालगत, मधली जागा मोकळी. कुंड्या विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर ठेवाव्यात, म्हणजे खालून झाडू फिरतो, ओल साचत नाही आणि गळती लागलीच तर लगेच दिसते. वजन कमी करायला कोकोपीटचा चांगला उपयोग होतो. माती, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट यांचा सारखा वाटा पुरतो.

मातीविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण मराठवाड्यातून आलेल्या माणसाची समजूत इथे बदलावी लागते. लातूर-परभणीची काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. हैदराबाद उभं आहे ते ग्रॅनाइटच्या खडकावर. त्याची झीज होऊन झालेली इथली तांबडी माती रेताड आहे, तिला तेलुगूत ‘चेल्क’ म्हणतात. तिच्यात सेंद्रिय अंश थोडा, नत्र थोडं. पाणी झटकन खाली जातं आणि वर मात्र कडक पापुद्रा धरतो. म्हणून इथे दर आठ-दहा दिवसांनी खुरपणीने वरचा थर मोकळा करणं आणि त्यावर पाल्याचं आच्छादन देणं ही दोन कामं खताइतकीच महत्त्वाची. गावाकडची काळी माती प्रेमाने पोत्यात भरून आणणारे पुष्कळ आहेत. जमिनीत ती सोनं असते, पण कुंडीत एकटी घातली तर पाणी कोंडते आणि मुळं कुजवते. तांबड्या मातीत चौथाई मिसळली तर दोघींचेही गुण लागतात.

ज्यांच्याकडे अजून अंगण आहे त्यांना एक आग्रहाने सांगावंसं वाटतं. अलीकडे लाकडी चौकटींचे उंच वाफे करण्याची टूम निघाली आहे. थंड आणि ओल्या देशांत ते योग्य आहेत. तिथे पाणी निचरून माती लवकर तापायला हवी असते. आपल्याला उलट हवं. कुतुबशाही मकबऱ्यांच्या परिसरासारख्या चारबाग धाटणीच्या जागा पाहा : पायवाट उंच आणि वाफा सखल. दिलेलं पाणी वाफ्यातच राहतं आणि झाडांच्या सावलीत जिरतं. आपल्या आज्या झाडाभोवती आळं करायच्या तेही याच हिशेबाने. हैदराबादच्या अंगणात उन्हाळ्यासाठी सखल वाफाच हवा, पावसाळ्यात हवं तर त्याला निचऱ्याची वाट काढावी.

आता कामांकडे. पानगळ हे सगळ्यात पहिलं धन. जाळीचा एक गोल उभा करून त्यात कोरडी पानं भरायची, मध्ये स्वयंपाकघरातली सालं आणि मूठभर शेण किंवा आंबट ताक, वर पुन्हा पानं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. फक्त ओला कचरा भरला तर वास सुटतो. कोरड्याचा वाटा आकारमानाने दुप्पट-तिप्पट ठेवला की तक्रार उरत नाही.

मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडायचं आणि माघात फांद्या निम्म्याने छाटून राहिलेली पानंही ओरबाडून काढायची. मग खत आणि पाणी. कोवळ्या फुटीवरच कळ्या येतात, त्यामुळे छाटणीला मन कचरलं तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गजरे विकत आणावे लागतात. जुन्या घरांत मांडवावर ‘अनाब-ए-शाही’ द्राक्षाचा वेल असायचा. त्याची मोठी छाटणी एप्रिलमधली, तेव्हा वसंतात त्याला हात लावायचा नाही. आंब्यालाही नाही. मोहर असताना कीटकनाशक फवारलं तर परागीभवन करणाऱ्या माश्याच मरतात. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर.

वेलभाज्यांसाठी मात्र हे दिवस खरे. दोडका, दुधी, कारलं, काकडी, आणि जोडीला भेंडी, गवार जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत टोकून घ्यावी. टोमॅटोचा मोह यावेळी आवरावा. पारा ३५ अंशांवर गेला की त्याची फुलं गळतात. पाचव्या मजल्यावर वेल फुलतात पण फळ धरत नाहीत, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. कारण साधं आहे : तिथवर परागीभवन करणारे कीटक पुरेसे पोचत नाहीत. तेव्हा ते काम आपण करायचं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, कारलं-काकडीची सकाळी. त्या त्या वेळी नर फूल खुडून त्याचे परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवायचे. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, ओळख चुकत नाही. सकाळी उठून दुधीच्या कोमेजलेल्या फुलांवर कष्ट घेणाऱ्यांना म्हणूनच यश येत नाही.

मावा आणि पिठ्या ढेकूण याच सुमारास दिसू लागतात. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारली की घरगुती बागेला पुरे होते.

कडुनिंबाचा विषय इथे जिव्हाळ्याचा आहे. आपल्या गुढीला त्याची डहाळी लागते, तेलुगू घरांत उगादीच्या पच्चडीत नवी चिंच, गूळ, कैरी, तिखट आणि मीठ यांच्या जोडीला त्याची फुलं पडतात. २०२१ मध्ये तेलंगणभर कडुनिंब शेंड्याकडून वाळू लागले. फोमॉप्सिस बुरशीचा हा रोग, त्यात रस शोषणाऱ्या किडीची भर. झाडं मेली असं समजून लोक हवालदिल झाले, पण त्यांतल्या कितीतरी झाडांना पुन्हा पालवी फुटली. दारचं झाड वाळलेलं दिसलं की कुऱ्हाड काढण्याआधी एक वसंत वाट पाहावी. शिवाय २००२ च्या पाणी, जमीन आणि वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडताही येत नाही.

शेवटी पाणी, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं तेच. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. शहर वाढलं तसे तेही अपुरे पडले आणि १९६५ पासून मांजरेचं पाणी इथे येऊ लागलं. ही मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि लातूरच्या शिवारातून वाहत तेलंगणात उतरते. २०१६ च्या उन्हाळ्यात ती आटली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच काळात हैदराबादला पाणी देणारे मांजरा आणि सिंगूर जलाशयही कोरडे पडले. शहर तगलं ते कृष्णा-गोदावरीच्या पाण्यावर. आपल्या नळाचं पाणी किती दुरून आणि कुणाकुणाच्या वाट्यातून येतं, हे ठाऊक असलेल्या माणसाने नळी लावून गच्ची धुवू नये.

बागेला पाणी कमी लागावं याचे मार्ग आहेत. मोठ्या कुंडीत तोंडाशी झाकण घातलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं की पाणी मुळांपाशी झिरपत राहतं. डाळ-तांदळाचं धुवण थेट द्यावं. आरओ यंत्राचं सोडलेलं पाणी मात्र क्षारांचं असतं. रोज तेच घातलं तर कुंडीच्या कडेला पांढरी खपली चढते, म्हणून साध्या पाण्यात मिसळून आणि आलटून-पालटून द्यावं. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. मार्च लागताच पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. आणि शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा ऐंशी हजार लिटर पाणी उतरतं. ते गटारात जाऊ न देता शोषखड्ड्यात किंवा टाकीत घेतलं, तर कुंड्यांना दिलेल्या पाण्याची परतफेड होते.

 पानगळ सुरू होण्याआधी जाळीचा गोल बांधून ठेवा, गच्चीच्या तुळया कुठून जातात ते घराच्या नकाशावर पाहून घ्या, आणि इमारतीतल्या झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवा की यंदाची पानं जाळायची नाहीत.