पैलवानाच्या अंगातले पाणी

कुस्तीगीर विनेश फोगाटच्या ऑलिंपिकमधील अपात्रतेला आता बराच काळ लोटला, तरी एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न शिळा झालेला नाही: जी स्त्री रात्रभर व्यायाम करीत राहिली, वाफेच्या खोलीत बसली, पाण्याचा घोटही प्याली नाही आणि अखेरीस केस कापून मोकळी झाली, तिच्या अंगावरून उरलेले शंभर ग्रॅम का उतरू नयेत? ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० किलो गटात तिने तीन कुस्त्या जिंकल्या, आणि त्यांतील पहिलीच जपानच्या युई सुसाकीवर, जी तोवर आंतरराष्ट्रीय आखाड्यात एकदाही हरली नव्हती. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी, सुवर्णपदकाच्या लढतीपूर्वी, वजनकाट्याने शंभर ग्रॅम जादा दाखवून तिला बाद ठरविले, आणि संयुक्त रौप्यपदकासाठी क्रीडा लवादाकडे केलेला अर्जही १४ ऑगस्टला फेटाळला गेला.

या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला प्रथम स्मरण होते ते सांतोरिओ सांतोरिओ या वैद्याचे. सतराव्या शतकाच्या आरंभी पदुआ विद्यापीठात वैद्यक शिकविणाऱ्या या विलक्षण गृहस्थाने एका मोठ्या तराजूच्या दांडीला आपली खुर्ची टांगली, आणि सुमारे तीस वर्षे तीवर बसून स्वतःचे, आपल्या अन्नपाण्याचे आणि मलमूत्राचेही वजन तो टिपत राहिला. जमाखर्च जुळेना! आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यांतील जवळजवळ पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या एखाद्या वाटेने नाहीसे होत. ती वाट म्हणजे त्वचेतून आणि श्वासातून नकळत होणारे उत्सर्जन, असा निष्कर्ष त्याने १६१४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. उष्णतामापकाचे नाते सामान्यतः गॅलिलिओच्या नावाशी जोडले जाते. परंतु त्या नळीवर अंश आखून तिला मोजण्याचे साधन बनविण्यात सांतोरिओचा वाटा मोठा आहे, आणि जिवंत देहाला संख्येच्या भाषेत बोलते करणाऱ्या या पुरुषाचे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावरही पडू नये याची मला मनापासून खंत वाटते.

सांतोरिओची ती अदृश्य वाट फार अरुंद आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासातून व कोरड्या त्वचेतून तासाला फार तर तीस-चाळीस ग्रॅम वजन जाते. याहून अधिक हवे तर घाम गाळावा लागतो. आरंभी ते सोपे असते. आहार तोडला की स्नायूंत साठविलेला ग्लायकोजेन खर्च होतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमामागे जखडलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही सुटते, त्यामुळे पहिले दीड-दोन किलो भराभर उतरतात. पुढे मात्र शरीर प्रतिकार करू लागते. दुष्काळाच्या वर्षी धरणातील साठा खालावला म्हणजे पाटबंधारे खात्याचा अंमलदार प्रथम उसाच्या पाटाची पाळी बंद करतो, मग इतर पिकांची, आणि कितीही दरखास्ती आल्या तरी पिण्यापुरते पाणी हलू देत नाही. तद्वत रक्तातील क्षारांची संहती एक-दोन टक्क्यांनी वाढताच मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा हुकूम सोडते, त्वचेकडे जाणारे रक्त आखडते आणि घाम आटतो. केस कापून उपयोग होईल तो किती? एवढे करूनही जे शंभर ग्रॅम उरले, ते रक्तातील आणि पेशींतील पाणी होते, ज्यावर हृदय चालते.

पण घाम वजन उतरविण्यासाठी नसून अंग थंड ठेवण्यासाठी असतो. एक लिटर घाम उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तो आटला आणि व्यायाम चालूच राहिला, तर ताप चढत जातो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरविताना दगावले.

वजन उतरविण्याच्या या खटाटोपाला निर्धाराची कसोटी म्हणणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. शस्त्र हाती न धरण्याच्या तत्त्वापायी युद्धसेवा नाकारलेली ती माणसे होती. त्यांच्या निग्रहाविषयी शंका घेण्यास जागा नाही. तरीही ती चिडखोर आणि उदास झाली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, अन्नावाचून त्यांना दुसरा विषय सुचेना. कुस्ती तर निमिषात प्रतिपक्ष्याचा डाव ओळखून त्याची तोड काढण्याची विद्या! आदल्या रात्री तहानेने व्याकूळ झालेल्या मेंदूकडून तिची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

आमच्या जुन्या तालमींत जोड लावताना वस्तादाची नजरच प्रमाण असे, आणि पैलवानाला चिंता असे ती खुराकाची, वजन घटविण्याची नव्हे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले ते वरच्या, ५७ किलो गटात. विनेशला अशी मुभा नव्हती. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे वजनगट सहाच, प्रत्येक गटात देशाला एकच जागा, आणि ५३ किलोची जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या भारतीय मल्लाकडे गेलेली.

स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घेण्याचा नियम २०१८ पासून आला, तो पाणी पिळून काढण्याची ही प्रथा मोडावी म्हणून. हेतू उत्तम, परंतु मल्लाने कोणत्या गटात उतरू नये हे आधी ठरवून देण्याची तरतूद त्याबरोबर झाली नाही, आणि म्हणून एका रात्रीच्या यातना दोन रात्रींच्या झाल्या. अमेरिकन महाविद्यालयांनी त्या तीन मृत्यूंनंतर रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्या यांना बंदी केली, वजन आणि लढत यांतील अवधी कमी केला, आणि त्याच्या जोडीला हंगामाच्या आरंभीच प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरविण्याची पद्धत घातली: मूत्राचे विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या आत असेल, म्हणजे अंगात पुरेसे पाणी असेल, तेव्हाच ही तपासणी ग्राह्य, आणि त्यानंतर आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक घट अमान्य. विशिष्ट गुरुत्व पाहण्याचे उपकरण तळहातावर मावते. कुमार गटाच्या जिल्हा निवड चाचण्यांच्या कित्येक महिने आधी, मुलगा वा मुलगी अजून पोटभर जेवत आणि पाणी पीत असताना, किमान वजनाची ही नोंद तालमीच्या दप्तरी व्हावी, अशी माझी शिफारस आहे.