एका क्रीडासंघटनेचे दिवाळे

मैदानावरील पराभव तत्काळ गुणफलकावर दिसतो. हिशेबाच्या वहीतील पराभव मात्र बहुधा उशिराच ध्यानी येतो. अमेरिकेतील ‘कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशन’ची हकीकत याचेच उदाहरण होय.

ही संघटना १९४६ च्या एप्रिलात पेनसिल्व्हेनियात जन्मास आली. जगप्रसिद्ध एन.बी.ए. तिच्याहून काही आठवड्यांनी धाकटी. लहान शहरांतील संघ, त्यांचे निरनिराळे मालक आणि तिकिटांचे उत्पन्न यांवर तिचा प्रपंच चाले. येथे तयार झालेले कित्येक खेळाडू पुढे एन.बी.ए.त गेले.

१९९९ साली विख्यात खेळाडू आयझाया टॉमस यांनी सारी संघटनाच सुमारे १ कोटी डॉलरांस विकत घेतली. पूर्वी एखादा मालक बुडाला, तर त्याचा एक संघ बुडे. आता सर्वांचे दैव एकाच तिजोरीशी बांधले गेले. २००० साली टॉमस ‘इंडियाना पेसर्स’चे प्रशिक्षक झाले. एन.बी.ए.च्या प्रशिक्षकास अशी मालकी ठेवण्याची मुभा नव्हती. म्हणून संघटना विश्वस्तांच्या हाती सोपविण्यात आली. त्यातच एन.बी.ए.ने स्वतःची दुय्यम संघटना काढण्याचे ठरविले. खर्च थांबेना, आधार मिळेना. अखेर २००१ च्या फेब्रुवारीत हंगाम अर्ध्यावरच बंद पडला, दिवाळे निघाले आणि खेळाडूंचा रोजगार गेला.

त्याच वर्षाअखेर संघटना पुन्हा उभी राहिली खरी. परंतु २००९ साली तिचा कायमचा अस्त झाला. गावाचा जिव्हाळा संघास जन्म देतो. त्यास जगविण्यास मात्र चोख हिशेब व जबाबदार मालकच लागतो.