किरणांचे भय आणि किरणांची नोंद

खानदेशातला वैशाख अंगातले पाणी शोषून घेतो, आणि मुतखड्याचे दुखणे जळगाव-धुळ्याकडील अनेक घरांना परिचयाचे आहे. सबब एकाच इसमाच्या वाट्याला काही वर्षांत पोटाचा सीटी स्कॅन, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली खडा काढण्याची शस्त्रक्रिया आणि मूत्रवाहिनीत घातलेल्या स्टेंटच्या तपासणीसाठी पुन्हा एक्स-रे असा क्रम येतो, आणि पुढे हृदयविकार जडला तर त्यात अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचीही भर पडते.

अशा रुग्णाला आप्तेष्ट सांगतात की किरण अंगात मुरतात, लहान मुलांना जवळ घेऊ नये. ही समजूत सर्वथा निराधार आहे. डॉक्टरांनी यंत्राच्या पायपट्टीवरून पाय उचलताच, दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही तसा, क्ष-किरणांचा अंशही मागे उरत नाही. उरते ती पेशींना झालेली सूक्ष्म इजा. तिच्यातून पुढे कर्करोग उद्भवण्याची अल्पशी शक्यता प्रत्येक मात्रेगणिक वाढत जाते, असे शास्त्र गृहीत धरते. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत मात्र हे किरण मुळीच नसतात.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा: अँजिओप्लास्टी म्हणजे जरा लांबलेला एक्स-रेच! वस्तुतः छातीच्या एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी, पोटाच्या सीटी स्कॅनची सुमारे ८ ते १०, आणि अँजिओप्लास्टीची साधारण १५ असते. निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळते, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रमाण उमगते.

तिसरी समजूत अशी की सरकारने रुग्णासाठीही कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांपाशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, आणि त्यांच्या छातीवरचा बिल्ला ती मात्रा मोजत असतो. रुग्णाला मात्र अशी मर्यादा नाही, आणि ते रास्तच आहे, कारण प्राण वाचवणारा उपचार एखाद्या आकड्यापायी अडून राहता कामा नये. परंतु मर्यादा नाही म्हणून हिशेबही नसावा, हे मला मान्य नाही.

कारण दीर्घकाळ चाललेल्या किंवा थोड्या अवधीत पुन्हा कराव्या लागलेल्या उपचारात त्वचेच्या एकाच जागी २ ग्रेहून (ग्रे हे शोषलेल्या किरणांचे एकक) अधिक मात्रा पडली तर तेथे लाली येऊ शकते, आणि मात्रा त्याहून बरीच अधिक असेल तर कित्येक आठवड्यांनी पाठीवर, खांद्याच्या पात्याजवळ, चौकोनी चट्टा किंवा न भरणारी जखम दिसू लागते. तोवर रुग्ण गावी परतलेला असतो. तेथे त्या जखमेला गजकर्ण किंवा भाजल्याची खूण समजून मलमे लावली जातात, आणि अँजिओप्लास्टीचा उल्लेख कोणी करीत नाही.

उपचार नाशिकला, तपासणी जळगावला, पुढचा सल्ला मुंबईला, अशी आपल्याकडची रीत असल्याने प्रत्येक ठिकाणचे दप्तर निराळे राहते. आवश्यक तपासणी भयापोटी टाळू नका. मात्र घरी जाण्याची परवानगी मिळताना यंत्राने दाखवलेली किरणमात्रा डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा, आणि पुढच्या डॉक्टरांनी नवी तपासणी सांगितली की जुने अहवाल व ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवा.