जठर स्वतःला का पचवत नाही?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. ओपीडीत साठीच्या घरातल्या एक मावशी आल्या, सोबत सून. चार पावले चालले तरी दम लागतो, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढीच तक्रार. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढराफटक. हिमोग्लोबिन ५.८ निघाले. बायकांमध्ये ते १२ च्या पुढे असावे लागते. सून म्हणाली, "त्या नीट जेवतच नाहीत डॉक्टर, म्हणून रक्त कमी झालं असेल."

मी विचारले, "मावशी, गुडघे दुखतात का?" डॉक्टर भलतेच काय विचारतात, असे सुनेला वाटले असावे. मावशींचा चेहरा मात्र खुलला. "दुखतेत की. पण गोळी घेतली की दिवसभर वाकून काम होतंय." बटव्यातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. रोज सकाळी चहाबरोबर एक, काम जास्त असेल त्या दिवशी दोन. दीड महिना हे चालले होते.

"शौचाला काळी होते का?"

"होती. डांबरासारखी. मला वाटलं, उष्णता बाहेर पडायली."

रक्त कुठे गेले, याचा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा जठराच्या आतल्या अस्तरावर वाटाण्याएवढ्या दोन जखमा दिसल्या. म्हणजेच अल्सर. त्यांतून थेंब थेंब रक्त झिरपत होते. गंमत म्हणजे मावशींचे पोट एकदाही दुखले नव्हते.

पोटातली आग

भूक लागली की पोटात आग पडली, असे आपण म्हणतो. ते अगदीच खोटे नाही. बेंबीच्या वर, डाव्या बरगड्यांच्या आड असलेले जठर म्हणजे स्नायूंची एक पिशवी. जेवल्यावर त्यात साधारण एक ते दीड लिटर अन्न मावते. आपण चावलेला, लाळेने भिजलेला घास सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून काही सेकंदांत इथे पोहोचतो. मग जठर ते अन्न दोन ते चार तास घुसळते आणि त्यात जठररस मिसळते. दिवसभरात असा दीड-दोन लिटर रस तयार होतो.

या रसात दोन जहाल गोष्टी असतात. एक हायड्रोक्लोरिक आम्ल. फरशी स्वच्छ करायला जे ॲसिड आणतो, त्याच जातीचे, पण त्याहून बरेच पातळ. दुसरे पेप्सिन हे पाचकद्रव्य. डाळ, अंडे, मटण यांतल्या प्रथिनांचे ते तुकडे करते. शिवाय अन्नाबरोबर पोटात गेलेले बहुतेक जंतू या आम्लात मरतात. म्हणून आम्ल हा आपला शत्रू नव्हे. घराच्या दारात उभा असलेला तो राखणदार आहे.

जिवंत माणसाच्या जठरात काय चालते, हे तपशिलाने पाहायला मिळाले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले, पण जखम पूर्ण बुजली नाही. जठरात थेट उघडणारे एक भोक कायमचे राहिले. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडत आणि ठरावीक वेळाने ओढून पाहत. जठररस बाहेर काढून बाटलीत ऊबेत ठेवला, तर त्यातही मांस विरघळते, हे त्यांनी दाखवले. १८३३ साली त्यांनी या प्रयोगांचे पुस्तक काढले.

आता प्रश्न असा पडतो की, जो रस मटण विरघळवतो, तो जठर का विरघळवत नाही? जठरही मांसाचेच आहे.

अस्तराची राखण

त्याचे उत्तर जठराच्या अस्तरात आहे. अस्तरावरच्या पेशी चिकट, बुळबुळीत श्लेष्मा सोडतात आणि त्यात खाण्याच्या सोड्यासारखा क्षार मिसळतात. आम्ल या थरात शिरू लागले की क्षार त्याला तिथेच मारतो. त्यामुळे पिशवीच्या मध्यभागी जहाल आम्ल असले, तरी अस्तराला टेकून असलेला थर जवळजवळ पाण्याइतका सौम्य असतो. शिवाय अस्तराला भरपूर रक्तपुरवठा होतो आणि वरच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी बदलतात. घराला रोज नवे पोतेरे मारावे, तशी ही डागडुजी अखंड चालू असते. पेप्सिनही आधी निष्क्रिय रूपात तयार होते आणि आम्लात आल्यावरच कामाला लागते.

जठरातून अन्न थोडे थोडे करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. बारा बोटांच्या रुंदीएवढा लांब, म्हणून लॅटिनमध्ये त्याचे नाव ड्युओडेनम. इथे स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस आम्लाला थंड करतो, यकृताकडून आलेले पित्त तेलातुपाचे बारीक कण करते आणि खरे पचन सुरू होते. पुढच्या पाच-सहा मीटर लांब आतड्यात अन्नरस रक्तात शोषला जातो. दिवसभरात पिण्याचे पाणी आणि शरीराने सोडलेले पाचकरस मिळून सुमारे नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बहुतेक लहान आतडे आणि उरलेला मोठे आतडे परत घेते. शौचावाटे जेमतेम पेलाभर पाणी बाहेर जाते.

एवढे मोठे काम बिनबोभाट चालते, ते अस्तर शाबूत आहे म्हणून.

गोळी काय करते?

अस्तराची ही राखण ज्या रसायनांच्या हुकमावर चालते, त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. श्लेष्मा सोडा, क्षार सोडा, रक्तपुरवठा चालू ठेवा, असे निरोप ती पेशींना देतात. हीच रसायने दुखऱ्या सांध्यातही तयार होतात आणि तिथे सूज व वेदना वाढवतात.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. ॲस्पिरिनचे हे कोडे जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये उलगडले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्याला वाटा मिळाला. गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन कमी झाले की दुखणे थांबते. पण गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणते, हे कळत नाही. जठरातली राखणही त्याच वेळी ढिली पडते. मग आम्ल अस्तरापर्यंत पोहोचते आणि जखम होते. तिच्या तळाशी रक्तवाहिनी लागली की रक्त वाहू लागते. वेदना दाबण्याचे काम गोळी करतच असते, त्यामुळे पोट दुखत नाही आणि रोगी बेसावध राहतो.

"आम्ही गोळी जेवूनच घेतो," असे अनेक जण सांगतात. जेवून घेतल्याने जळजळ कमी होते, हे खरे. पण मुख्य घात रक्तामार्फत होतो. त्यामुळे जेवून घेतली, वरून लेप असलेली घेतली किंवा इंजेक्शन घेतले, तरी धोका संपत नाही. साठीच्या पुढचे वय, पूर्वी झालेला अल्सर, सोबत चालू असलेली स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काही असेल तर तो अनेक पटींनी वाढतो.

अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तिखट खाण्याने आणि काळजीने अल्सर होतो, असेच डॉक्टरही मानत असत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठराच्या आम्लातही टिकणारा हा जंतू सापडला, तेव्हा फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच त्या जंतूंचे पाणी पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आपल्याकडे पुष्कळांच्या जठरात हा जंतू असतो. बहुतेकांना त्रास होत नाही, पण ज्यांना त्यामुळे अल्सर होतो, त्यांचा आजार साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी मुळापासून बरा होऊ शकतो. पोटात जंतू आणि वर रोजची वेदनाशामक गोळी, ही जोडी फार वाईट.

मिरची-ठेच्याने जळजळ होते, अल्सर होत नाही. दुधाने घटकाभर बरे वाटते, पण त्यानंतर जठर आणखी आम्ल सोडते. दुधावर अल्सर बरा होत नाही.

एवढे लक्षात ठेवा

डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच म्हणजे उष्णता नव्हे. जठरात सांडलेले रक्त आतड्यातून जाताना काळे पडते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट आणि उग्र वासाची नसते. शंका असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखी उलटी, चक्कर, अंगाला सुटलेला थंड घाम, यांत एक तासही घालवू नका. छातीच्या खाली अचानक जळजळ आणि घाम आला, तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊ नका. आधी ईसीजी काढा. ते हृदयाचे दुखणे असू शकते.

वेदनाशामक गोळी चिठ्ठीशिवाय रोज घेऊ नका. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की ती घेत असल्याचे न विचारता सांगा. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी मात्र या लेखावरून बंद करू नका. तीसोबत पोटासाठी काही घ्यावे का, हे त्यांनाच विचारा. आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या गुणकारी आहेत, पण त्याही वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेण्याच्या नाहीत.

त्या दिवशी मी मावशींना गुडघ्याचे का विचारले, हेही सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी, नवा नवा डॉक्टर असताना, असेच पांढरेफटक पडलेले एक गृहस्थ माझ्यापुढे बसले होते. गर्दी होती. मी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा नंबर बोलावला. ते कंबरेसाठी रोज कोणती गोळी घेतात, हे मी विचारले नाही. आठ दिवसांनी त्यांना रक्ताच्या उलट्या होत असताना आणले. ते वाचले नाहीत. तेव्हापासून रक्त कमी असलेल्या कोणालाही मी विचारतो, "कुठे काही दुखतं का, आणि त्यासाठी काय घेता?"

मावशींना रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. आठव्या दिवशी घरी जाताना त्यांनी विचारले, "गोळी बंद केली, ते बरं झालं. पण गुडघ्याचं काय करू? शेत तर पडलंय तसंच."

प्रश्न रास्त होता. दुखणे खोटे नव्हते आणि काम टळणारे नव्हते. मांडीचे स्नायू बळकट करणारे दोन व्यायाम त्यांना शिकवले. गरम पाण्याचा शेक आणि वरून लावायचे मलम सांगितले. फारच दुखले तर पॅरासिटामॉल, तेही ठरवून दिले तेवढेच. काढणी उकिडवे बसून न करता पाटावर किंवा ठेंगण्या स्टुलावर बसून करायला सांगितली. महिन्याने त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ११ होते. गुडघे अजून दुखत होते, पण आधीपेक्षा कमी. बटवा उघडून त्यांनी आपणहून दाखवला. आत तंबाखूची डबी होती.

म्हटलं, मावशी, आता हिच्याबद्दल बोलू.