आकाशांतून दिसणारीं गांवें

विद्यार्थिमित्रहो, रात्रीं टेकडीवर उभें राहून खालीं पाहिलें असतां दिव्यांवरून गांवाचा विस्तार सहज ध्यानांत येतो. परंतु सबंध पृथ्वीवरील वस्ती किती वाढली हें पाहावयाचें झाल्यास तेवढी उंच टेकडी आणावी कोठून? ही उणीव कृत्रिम उपग्रहांनीं भरून काढिली आहे.

अमेरिकेनें १९७२ सालीं पहिला लँडसॅट उपग्रह आकाशांत सोडला. तेव्हांपासून त्या मालिकेंतील उपग्रह भूपृष्ठाचीं चित्रें अव्याहत घेत आहेत. आजच्या चित्रांतील बहुतेक ठिपके म्हणजे जमिनीचा सुमारें ३० मीटर लांब व तितकाच रुंद चौकोन होय. हिरवें पान तांबडे किरण शोषून घेतें व डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळ परत पाठवितें. सिमेंट, पत्रा यांत असा भेद फारसा नसतो. यावरून गणकयंत्र झाडी व वस्ती निरनिराळी ओळखतें. एकाच स्थळाचीं १९७५ व २०१५ सालचीं चित्रें ताडून पाहिलीं, म्हणजे वस्ती कोणीकडे व किती पसरली हें कळतें.

तथापि यंत्रही चुकतें. सुकलेलें शेत व मातीचें घर त्यास सारखींच भासतात. म्हणून रडारची जोड देतात. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह २०१४ सालीं सोडण्यांत आला. त्याच्या लहरींस ढग वा अंधार अडवीत नाहींत आणि भिंतींवरून त्या अधिक जोरानें परततात. अखेरीस माणसाच्या नजरेनें पडताळा घ्यावाच लागतो.

एवढा खटाटोप कशासाठीं? उत्तर नायजेरियांत पोलिओची लस देणारे स्वयंसेवक पूर्वीं हातानें काढलेल्या नकाशांवरून फिरत. कित्येक वाड्या त्यांत नव्हत्याच. २०१२ च्या सुमारास उपग्रहचित्रांवरून नकाशे तयार होऊं लागले, तेव्हां राहून गेलेल्या वस्त्या उघडकीस आल्या आणि तेथील बालकांपर्यंत लस पोहोंचली. अशा अनेक प्रयत्नांचें फळ म्हणून २५ ऑगस्ट २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओ-विषाणूपासून मुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

मुलांनो, जी वाडी नकाशावर नाहीं, तिच्या वांट्यास लस, शाळा वा विहीर येणें कठीण. उपग्रह छप्पर दाखवितो. त्याखालीं किती माणसें राहतात व त्यांस काय हवें, हें मात्र दाराशीं जाऊनच विचारावें लागतें.