बऱ्हाणपूरचा हमामखाना

बुलढाणा जिल्ह्यांत मुसलमानी अमदानीच्या खुणा पुष्कळ आहेत. रोहिणखेडची, १५८२ मध्यें खुदावंदखानानें बांधविलेली मशीद त्यांपैकींच एक. परंतु त्या काळचा मुसलमान सरदार घरांत कसा राहत असे, त्याच्या बायकामुलांचा दिवस कसा जात असे, हें मशिदीवरून कळत नाहीं. ही जिज्ञासा ज्यास असेल त्यानें जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, तापीकांठच्या बऱ्हाणपुरास जावें. फारुकी सुलतानांची ही राजधानी १६०१ मध्यें मोगलांकडे गेली व त्यांचें दक्षिणेंतील मोठें ठाणें झाली.

नदीवरील शाही किल्ल्याचा बराच भाग पडला आहे. हमामखाना मात्र उभा आहे. हमाम म्हणजे नुसतें न्हाणीघर नव्हे. गरम पाणी, थंड पाणी, वाफ, अंग चोळणें, मेंदी, अत्तर आणि तासन् तास गप्पा, असा तो सोहळा असे. पडद्यांत राहणाऱ्या स्त्रियांस तर मोकळेपणाची ती एक मोठी जागा. हमामाच्या भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवीत नसत. उजेड घुमटाच्या झरोक्यांतून येई. त्यामुळें ऊबही राही आणि पडदाही. येथील छतावरील वेलबुट्टीचे रंग अजून दिसतात. ताजमहालाचा आराखडा याच चित्रांत आहे असें वाटाडे हौसेनें सांगतात. ऐकून घ्यावें, इतकेंच.

एवढें पाणी येई कोठून? खानखानान अब्दुर्रहीम याच्या अमदानींत, १६१५ च्या सुमारास, तब्कुतुल अर्ज नांवाच्या इराणी जाणकारानें सातपुड्याच्या पायथ्याचे पाझर शोधले. ते भुयारांत घेऊन, किंचित् उतार देऊन, पाणी शहरास व महालांस आणलें. ठराविक अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या खणल्या. त्यांतून भुयारास हवा मिळे आणि गाळही काढतां येई. मोट नाहीं, बैल नाहीं. शंभरांहून अधिक कुंड्यांची ही रचना 'कुंडी भंडारा' म्हणून प्रसिद्ध आहे.

शहाजहान १६३० ते १६३२ या काळांत येथें मुक्कामास होता. जून १६३१ मध्यें मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणांत येथेंच वारली. दास्या, हकीम, वैभव सर्व हाताशीं असूनही बाळंतिणीचें भय त्या जनानखान्यासही चुकलें नाहीं. तिचें दफन प्रथम तापीपलीकडे जैनाबादेस झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस देह आग्ऱ्यास नेला. नेमक्या याच काळीं गुजरात, खानदेश व दक्षिण दुष्काळानें होरपळत होती. बादशहानें बऱ्हाणपुरांत लंगर उघडले, दर सोमवारीं पांच हजार रुपये वाटले, असें दरबारी बखरकार लिहितो. हमामाचें छत पाहतांना तटाबाहेरची ही उपाशी गर्दी विसरूं नये.

बऱ्हाणपुरास भिंती आहेत, पण गालिचे, पडदे, हुक्के, पिकदाण्या कांहीं नाहीं. भरलेलें घर पाहावयाचें तर कैरोस जावें लागेल. तेथें इब्न तुलूनच्या मशिदीस लागून सोळाव्या-सतराव्या शतकांतील दोन घरें आहेत. गेयर-अँडरसन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १९३५ ते १९४२ पर्यंत त्यांत राहून तीं जुन्या सामानानें सजविलीं. दिवाणखान्यावर लांकडी जाळीचा सज्जा आहे. आपण न दिसतां बायकांस तेथून खालची बैठक पाहतां येई.

इतक्या दूर जाणें सर्वांस साधणारें नाहीं. बऱ्हाणपूर जवळ आहे. सकाळच्या उजेडांत हमामाचें छत पाहावें आणि ऊन चढण्यापूर्वीं कुंड्यांकडे वळावें.