कोल्ट शस्त्रसंग्रह

अमेरिकन शस्त्रनिर्माता सॅम्युएल कोल्ट (१९ जुलै १८१४–१० जानेवारी १८६२) याचा वैयक्तिक शस्त्रसंग्रह. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील वॉड्झ्वर्थ अथेनियम या संग्रहालयात तो आहे. संग्राहक स्वतःच निर्माता असल्यामुळे मोठ्या व्यासाच्या रिव्हॉल्व्हरची घडण, तीतील दोष आणि त्यांची दुरुस्ती यांचा क्रम येथे पाहावयास मिळतो. हौशी संग्रहांत असा क्रम सहसा आढळत नाही.

संग्रहातील सर्वांत साधी वस्तू म्हणजे लाकडी नमुना. १८३०–३१ मध्ये ‘कॉर्व्हो’ जहाजावरून कलकत्त्याच्या सफरीस गेला असता कोल्टने तो चाकूने कोरला, असे मानतात. जहाजाच्या सुकाणूचक्रावरून त्याला फिरत्या कोठ्यांची कल्पना सुचली, ही आख्यायिका मात्र जपूनच स्वीकारावी लागते. कारण फिरत्या कोठ्यांची शस्त्रे त्यापूर्वीच अस्तित्वात होती. एलिशा कॉलिअर याच्या गारगोटीच्या रिव्हॉल्व्हरला १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये एकस्व मिळाले होते. घोडा मागे ओढताच चक्र आपोआप फिरून नेमके नळीसमोर अडकावे, ही योजना हे कोल्टचे खरे कार्य होय. तिचे अमेरिकन एकस्व त्याला २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळाले. जुन्या बहुबारी शस्त्रांचाही त्याने संग्रह केला. एकस्वाच्या रक्षणासाठी त्याला न्यायालयात झगडावे लागले, हे ध्यानात घेता या संग्रहामागे केवळ हौस नसावी.

पॅटर्सन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. पुढे मेक्सिकोशी युद्ध चालू असता सॅम्युएल वॉकर या टेक्ससच्या कप्तानाच्या सूचनांनुसार नवे शस्त्र आखले गेले आणि जानेवारी १८४७ मध्ये शासनाने १,००० नगांची मागणी नोंदविली. कोल्टजवळ तेव्हा कारखानाच नव्हता. म्हणून हे काम एली व्हिटनी (धाकटा) याच्या कारखान्यात करून घेण्यात आले. या ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हरच्या नळीचा व्यास ०·४४ इंच (सु. ११ मिमी.), लांबी सु. २३ सेंमी. आणि वजन सु. २ किग्रॅ. होते. सहांपैकी प्रत्येक कोठ्यात सु. ३·९ ग्रॅम दारू मावे. एवढे धूड कमरेला लावणे अवघड असल्याने ते घोड्याच्या खोगिरास अडकवीत.

हा प्रचंड बारच या शस्त्राचे बल होता आणि तोच त्याचा धोकाही. चक्राचे लोखंड त्या काळी पुरेसे निर्दोष नसे. सैनिक कोठा काठोकाठ भरीत, कधी टोकदार गोळी उलटी ठाशीत आणि मग वापरणाऱ्याच्या हातातच चक्र फुटे. याशिवाय धक्क्याने ठासणीचा दांडा निसटून खाली येई व चक्र अडे. ऑक्टोबर १८४७ मध्ये वामांतला येथील लढाईत वॉकर मारला गेला. त्यानंतरच्या ‘ड्रॅगून’ नमुन्यांत चक्र आखूड करून दारू सु. ३·२ ग्रॅमपर्यंत घटविण्यात आली, नळी १९ सेंमी. ठेवण्यात आली आणि दांड्याला टोकाशी खटका बसविण्यात आला. दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहिल्यास अपघातांतून मिळालेला धडा डोळ्यांना दिसतो. १८६० च्या ‘आर्मी’ नमुन्यात तोच व्यास कायम ठेवून वजन सु. १·२ किग्रॅ. वर आणता आले, ते अधिक चांगल्या पोलादामुळे.

कोल्टच्या मृत्यूनंतर फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याच्या हार्टफर्ड येथील कारखान्याचा मोठा भाग आगीत जळाला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने तो पुन्हा उभारला. १९०५ मध्ये ती मरण पावली. तिच्या मृत्युपत्रान्वये हा संग्रह अथेनियमकडे आला व त्यासाठी बांधलेले स्मारक-दालन १९१० मध्ये खुले झाले. कोल्ट कंपनीच्या कारखान्यातील शस्त्रसंग्रह याहून वेगळा असून तो १९५७ मध्ये कनेक्टिकट राज्य ग्रंथालयास देण्यात आला. या दोहोंची अनेकदा गल्लत केली जाते.